बर्फातला हत्ती आणि दगडातले झाड



डिसेंबर २०२४ मध्ये रशियाच्या याकुतिया प्रांतातून एक बातमी आली होती. तेथील गोठलेल्या जमिनीतून मॅमथ जातीच्या हत्तीचे एक पिल्लू बाहेर आले. त्याचे वजन शंभर किलोहून अधिक होते. मरून त्याला पन्नास हजारांहून अधिक वर्षे झाली होती, तरी सोंड, डोके आणि अंगावरची कातडी शाबूत होती. संशोधकांनी त्याचे नाव ‘याना’ ठेवले. वर्गात ही बातमी वाचून दाखवली तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, आपल्या वैनगंगेच्या काठी खूप खोल खणले तर असा हत्ती सापडेल का?”

प्रश्न चांगला होता, आणि ‘नाही’ एवढ्या एका शब्दात त्याचे उत्तर देणे मला बरे वाटले नाही. असा हत्ती आपल्याकडे का सापडणार नाही, आणि त्याच्याऐवजी आपल्याकडे काय सापडते, हे दोन्ही सांगायला हवे. म्हणून हा लेख.

मेलेली वस्तू जाते कुठे?

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात तेव्हा पहाटेच ती वेचावी लागतात. वेचून वाळवली नाहीत तर दोन-चार दिवसांत त्यांची माती होते. जंगलात रानगवा मेला तर आधी कोल्हे, रानडुकरे आणि गिधाडे येतात. नंतर माश्या, किडे आणि मुंग्या येतात. लाकडाला वाळवी लागते. या सर्वांच्या मागोमाग डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव काम करत असतात. त्यांना ऊब आणि ओलावा मिळाला की ते मेलेल्या शरीराचे साध्या द्रव्यांत रूपांतर करतात आणि ती द्रव्ये पुन्हा झाडांच्या मुळांना मिळतात. हे झाले नाही तर जंगलात मेलेल्या जीवांचा डोंगर होईल. म्हणजे कुजणे ही वाईट गोष्ट नव्हे.

पण कुजण्यामुळे जुन्या जीवांची खूणही पुसली जाते. पृथ्वीवर आजवर जेवढे जीव होऊन गेले, त्यांतल्या फारच थोड्यांचे अवशेष उरले आहेत. जेथे काही कारणाने कुजण्याचे काम थांबले, तेथेच ते उरले. थांबवणाऱ्या कारणांपैकी दोन आपण पाहू. एक म्हणजे थंडी, आणि दुसरे म्हणजे दगड होणे.

कायम गोठलेली जमीन

सैबेरिया, अलास्का आणि कॅनडाच्या उत्तर भागात जमिनीखालची माती वर्षानुवर्षे गोठलेली राहते. सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंशाखाली राहिलेल्या जमिनीला शास्त्रज्ञ ‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणतात. रशियाच्या निम्म्याहून अधिक भूभागाखाली अशी जमीन आहे. उन्हाळ्यात वरचा हात-दोन हातांचा थर वितळतो, त्यावर गवत आणि फुले येतात. खालचा थर मात्र तसाच घट्ट राहतो.

याकुत्स्क शहरात शेर्गिन नावाच्या एका व्यापाऱ्याने विहीर खणायला घेतली. १८३७ पर्यंत खणत तो सुमारे ११६ मीटर खोल गेला, तरी जमीन गोठलेलीच होती आणि पाण्याचा थेंब लागला नाही. आपल्याकडे भरवेलीच्या मँगनीज खाणीत काम केलेल्यांना विचारा. खाली जावे तसा उष्मा वाढतो, असे ते सांगतील. तेथेही खोल गेल्यावर उष्णता वाढतेच, पण वरून हजारो वर्षे मुरलेली थंडी इतकी खोलवर गेली आहे की तिचा थर संपायलाच शेकडो मीटर लागतात.

अशा जमिनीत एखादे जनावर चिखलात रुतून मेले आणि लगेच गोठले, तर सूक्ष्म जीवांना काम करता येत नाही. घरच्या फ्रीजमध्ये दूध टिकते तसाच हा प्रकार, फक्त हा फ्रीज हजारो वर्षे बंद पडलेला नाही.

ल्यूबाची गोष्ट

मे २००७ मध्ये सैबेरियाच्या यामाल द्वीपकल्पात युरी खुदी नावाच्या रेनडियर पाळणाऱ्या माणसाला युरिबेई नदीच्या काठी मॅमथचे एक पिल्लू पडलेले दिसले. खुदी हे नेनेत्स या आदिवासी समाजाचे. मॅमथचे अवशेष अपशकुनी, असा त्यांच्यात समज आहे. म्हणून त्यांनी पिल्लाला हात लावला नाही, पण दुर्लक्षही केले नाही. लांबचा प्रवास करून ते जाणत्या माणसांना सांगायला गेले. संग्रहालयाच्या लोकांना घेऊन परत आले, तो पिल्लू जागेवर नव्हते! कोणीतरी ते नेऊन एका दुकानदाराला दिले होते आणि बदल्यात बर्फावर चालणाऱ्या गाड्या घेतल्या होत्या. शोधत गेले तेव्हा पिल्लू दुकानाबाहेर टेकवून ठेवलेले होते आणि कुत्र्यांनी त्याची शेपटी व कानाचा भाग कुरतडला होता. सुदैवाने बाकीचे शरीर वाचले. खुदी यांच्या पत्नीच्या नावावरून पिल्लाचे नाव ‘ल्यूबा’ ठेवले गेले.

ल्यूबा साधारण महिनाभराची मादी होती. तिचे वजन सुमारे ५० किलो होते. ती सुमारे ४२,००० वर्षांपूर्वी मेली. तिच्या पापण्यांचे केसही टिकले होते. पोटात आईचे दूध होते आणि मोठ्या मॅमथचे शेणही होते. शेण ऐकून हसू नका. आजही हत्तीची पिल्ले आईचे शेण खातात, कारण पाला पचवण्यासाठी लागणारे सूक्ष्म जीव त्यांना त्यातूनच मिळतात. मॅमथची पिल्लेही तेच करत होती, हे ल्यूबामुळे कळले. तिच्या सोंडेत आणि श्वासनलिकेत चिखल भरलेला होता, म्हणजे ती चिखलात गुदमरून मेली असावी. हाडांच्या सांगाड्यावरून यातले काय कळले असते?

आणखी एक गंमत. बर्फातून सुटल्यावर ल्यूबा बराच काळ उघड्यावर होती, तरी ती कुजली नाही. चिखलात असताना तिच्या शरीरात दही लावणाऱ्या जिवाणूंसारख्या जिवाणूंनी आम्ल तयार केले होते, आणि त्या आंबटपणामुळे इतर जंतू फिरकले नाहीत, असे संशोधकांना आढळले. आपल्या आजीच्या बरणीतले लिंबाचे लोणचेही आंबटपणामुळेच टिकते.

प्रत्येक वेळी असे सुदैव नसते. १७९९ मध्ये लेना नदीच्या मुखाजवळ एका शिकाऱ्याला बर्फात पूर्ण मॅमथ दिसला होता. बर्फ वितळेपर्यंत तो काही वर्षे थांबला आणि मग सुळे कापून त्याने विकले. मिखाईल अॅडम्स हे शास्त्रज्ञ १८०६ मध्ये तेथे पोहोचेपर्यंत मांसाचा बराच भाग कुत्र्यांनी आणि जंगली जनावरांनी खाल्ला होता. उरलेला सांगाडा सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. पोटात काय होते, ते आता कधीच कळणार नाही.

मॅमथ हा आपल्या आशियाई हत्तीचा जवळचा नातेवाईक. आफ्रिकेच्या हत्तीपेक्षाही त्याचे नाते आपल्या हत्तीशी अधिक जवळचे आहे, हे बर्फात टिकलेल्या डीएनएवरूनच सिद्ध झाले. शेवटचे मॅमथ रशियाच्या उत्तरेकडील रँगल बेटावर सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होते. इजिप्तचे मोठे पिरॅमिड त्याआधी बांधून झाले होते!

खारीने साठवलेले फळ

गोठलेल्या जमिनीत वनस्पतीही टिकतात. कोलिमा नदीच्या काठी, जमिनीखाली सुमारे ३८ मीटर खोल, जमिनीतल्या खारींची जुनी बिळे सापडली. हिवाळ्यासाठी साठवलेली फळे आणि बिया त्यांत तशाच होत्या. त्या बिळांतल्या ‘सायलीन स्टेनोफायला’ या छोट्या फुलझाडाच्या कच्च्या फळातील जिवंत पेशींपासून रशियन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत नवी रोपे तयार केली. त्यांना पांढरी फुले आली, बियाही धरल्या. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या फळाचे वय सुमारे ३२,००० वर्षे होते.

मग आपल्याकडे का नाही?

पहिले कारण उघड आहे. आपली जमीन कधीच गोठत नाही. उष्णता, चार महिन्यांचा पाऊस आणि वाळवी असताना मांस, कातडी आणि केस टिकणे शक्य नाही.

दुसरे कारण आपल्या जिल्ह्यातील खडकांचे. ज्या मँगनीजमुळे बालाघाटचे नाव झाले, ते खडक सौसरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकसमूहातले आहेत. हत्ती तर सोडाच, पृथ्वीवर प्राणी निर्माण होण्याच्याही आधीचे ते आहेत. शिवाय पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने आणि दाबाने ते पार बदलून गेले आहेत. त्यांत हाडे शोधणे व्यर्थ.

पण जरा उत्तरेला चला. आपले पालक ज्या छोट्या लाईनच्या गाडीने नैनपूरमार्गे जबलपूरला जात असत, त्या जबलपूरजवळ १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना मोठमोठी दगड झालेली हाडे सापडली. पुढे १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. भारतात सापडलेले ते पहिले डायनोसॉर. नर्मदेच्या वाळू-खड्यांच्या थरांत जुन्या हत्तींची आणि पाणघोड्यांची हाडे मिळतात. स्टेगोडॉन नावाच्या हत्तीसारख्या लांब सुळ्यांच्या प्राण्याच्या एका जातीला तर शास्त्रज्ञांनी आपल्या गणपतीवरून ‘गणेशा’ हे नाव दिले आहे. म्हणजे त्या मुलाला मी सांगितले, हत्ती आपल्याकडेही सापडतो, पण तो दगडाचा.

घुघवा : दगड झालेले वन

आपल्याला सगळ्यांत जवळचा आणि मोलाचा ठेवा आहे तो मंडल्याच्या पलीकडे, डिंडोरी जिल्ह्यात शहपुऱ्याजवळ. घुघवा गावाजवळ जमिनीवर झाडांची खोडे पडलेली दिसतात. जवळ जाऊन हात लावला की कळते, हे लाकूड नसून दगड आहे. साल, गाठी, वर्षांची वलये, सारे काही दिसते, पण ठोकले तर दगडासारखा आवाज येतो.

ही झाडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आहेत. त्या काळी आपल्या भागात जमिनीच्या भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा वाहत होता. त्याचाच थंड झालेला काळा पाषाण महाराष्ट्रापासून मंडल्यापर्यंत पसरला आहे. एक थर आला की मध्ये बराच काळ शांतता असे. त्या काळात तळी साठत, जंगल वाढे. मग पुन्हा लाव्हा येई. या दोन थरांमधल्या गाळात गाडली गेलेली झाडे हवेपासून तुटली. गाळातून झिरपणाऱ्या पाण्यात गारगोटीचे द्रव्य, म्हणजे सिलिका, विरघळलेले होते. ते लाकडाच्या पेशीपेशींत शिरून बसले. लाकूड हळूहळू गेले आणि त्याच्या जागी त्याच आकाराचा दगड राहिला. अशा दगडाचा कागदाहून पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या पेशी मोजता येतात.

हे दगड गावकऱ्यांच्या नजरेत पूर्वीपासून होतेच. पण १९७० च्या दशकात मंडला जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी डॉ. धर्मेंद्र प्रसाद यांनी त्यांचे महत्त्व ओळखले. ते जिल्हा पुरातत्त्व संघाचे मानद सचिवही होते. त्यांचे रोजचे काम आकडेवारीचे होते, वनस्पतींचे नव्हे. त्यांनी जाणकारांना कळवले. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेचे डॉ. एम. बी. बांदे आणि जबलपूरच्या सायन्स कॉलेजचे डॉ. एस. आर. इंगळे यांनी या जीवाश्मांचा अभ्यास केला. ताड-खजुराच्या जातीची झाडे तेथे विपुल आहेत. एक खोड निलगिरीच्या, म्हणजे युकॅलिप्टसच्या जातीचे निघाले. आज निलगिरी ही ऑस्ट्रेलियाची झाडे समजली जातात. भारत आणि ऑस्ट्रेलिया फार पूर्वी एकाच भूखंडाचे भाग होते, त्याची ही आठवण. त्या झाडाला धर्मेंद्र प्रसादांच्या नावावरून ‘युकॅलिप्टस धर्मेंद्री’ असे नाव दिले गेले. १९८३ मध्ये घुघवा राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे क्षेत्रफळ फक्त पाव चौरस किलोमीटरच्या आसपास आहे.

छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँ आणि सौसरच्या परिसरातील गारेच्या दगडांतही अशीच फळे, फुले आणि बिया सापडल्या आहेत. प्रा. बीरबल साहनी यांनी त्यांचा अभ्यास केला. नागपूरच्या डॉ. श्या चितळे यांनी हे काम पुढे नेले आणि नंतर अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात पुरावनस्पतींचा विभाग उभा केला. विदर्भातल्या प्रयोगशाळेत दगड घासत बसलेल्या एका मराठी बाईंचे हे काम आपल्या मुलींनी जरूर लक्षात ठेवावे.

बर्फ काय राखतो, दगड काय राखतो

आता दोन्हींची तुलना करू. बर्फ खुद्द शरीरच राखतो. केस, दूध, पोटातले अन्न आणि डीएनए सर्व मिळते. पण तो फार मागे जात नाही. मॅमथच्या दातांतून दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचा डीएनए २०२१ मध्ये वाचला गेला, आणि ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा २०२२ मध्ये. दगडात डीएनए उरत नाही, फक्त आकार उरतो. पण तो कोट्यवधी वर्षे उरतो.

हा फरक समजायला शाळेच्या मैदानावर एक प्रयोग करा. एक हजार वर्षे म्हणजे एक मिलिमीटर असे माना. मग ल्यूबा तुमच्यापासून ४२ मिलिमीटरवर, म्हणजे खोडरबराएवढ्या अंतरावर येते. घुघव्याचे ताड मात्र ६५ मीटर दूर, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभे राहतात.

फ्रीज बंद पडतो आहे

आता काळजीची गोष्ट. १९७९ पासून उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. गोठलेली जमीन वितळू लागली आहे. ‘याना’ जेथे सापडली त्या बातागाइका येथे जमीन खचून दरीएवढा खड्डा पडला आहे आणि तो वाढतोच आहे. अशा ठिकाणी अवशेष अधिक सापडतात हे खरे, पण वीज जाऊन फ्रीज बंद पडल्यावर आतली वस्तू दिसते आणि नासूही लागते, त्यातला हा प्रकार आहे. जे कोणाला दिसले नाही, ते कुजून जाते.

शिवाय जे झाकलेले बरे होते, तेही बाहेर येते. २०१६ च्या उन्हाळ्यात यामालमध्ये अँथ्रॅक्स रोगाची साथ आली. जुन्या काळी त्या रोगाने मेलेल्या रेनडियरांची गोठलेली जमीन वितळल्याने जंतू बाहेर पडले असावेत, असे मानले जाते. दोन हजारांहून अधिक रेनडियर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. वितळलेल्या मातीतला पाला-कचरा कुजू लागला की कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे वायू बाहेर पडतात, आणि त्यामुळे पृथ्वी आणखी तापते. गोठलेल्या जमिनीत असलेला कार्बन आज हवेत असलेल्या कार्बनाच्या सुमारे दुप्पट आहे.

आपण काय करावे?

बर्फ वितळतो, त्यावर बालाघाटच्या मुलांनी एकट्याने काही करता येण्यासारखे नाही. दगड वितळत नाही, पण तो चोरीला जातो, फुटतो, बांधावर रचला जातो. एखाद्या खोडाचा तुकडा आठवण म्हणून शोकेसमध्ये गेला की तो कोठल्या थरातला, कशाशेजारी होता, ही माहिती कायमची संपते. मग तो फक्त एक शोभेचा दगड. मोठ्यांनाही हे सांगणे आहे, कारण सहलीत मुलांच्या हाती दगड देणारे बहुधा आपणच असतो.

खरे पाहता जुना दगड जपणे आपल्याला नवे नाही. आपल्या कितीतरी घरी देवघरात शाळिग्राम असतो. तुळशीच्या लग्नात तोच नवरदेव. नेपाळच्या गंडकी नदीतून येणाऱ्या अनेक शाळिग्रामांवर जे चक्र दिसते, तो समुद्रात राहणाऱ्या अॅमोनाइट या प्राण्याच्या शंखाचा ठसा आहे. हिमालयाच्या जागी समुद्र होता, तेव्हाचा तो जीव. आजी-पणजीने तो पिढ्यान्‌पिढ्या हळदी-कुंकवाने जपला. तीच काळजी शेतातल्या आणि माळावरच्या दगडांबाबतही घ्यायची आहे.

शेतात, नाल्यात किंवा सहलीत झाडाच्या वलयांसारख्या, हाडासारख्या वा शिंपल्यासारख्या खुणा असलेला दगड दिसला, तर एवढे करा :

१. तो फोडू नका आणि जागेवरून हलवू नका.
२. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून त्याचा फोटो काढा.
३. गाव, शेत, नाला आणि तारीख वहीत लिहा.
४. शाळेत येऊन सांगा. शाळेमार्फत नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला किंवा लखनौच्या बीरबल साहनी संस्थेला कळवता येईल.
५. घुघव्यासारख्या राष्ट्रीय उद्यानातून लहान खडाही आणू नका. तेथे मनाई आहेच, पण मनाई नसती तरी आणू नये.

आमच्या विश्वस्त मंडळींना एक विनंती. उन्हाळी शिबिराच्या सहलींत एकदा घुघवा ठेवावे. कान्ह्याला आपण वाघ पाहायला जातोच. त्याच वाटेने थोडे पुढे गेले की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे वन पाहता येते, आणि ते पळूनही जात नाही.

ल्यूबा वाचली ती एका रेनडियर पाळणाऱ्या माणसामुळे. घुघवा वाचले ते आकडेमोड करणाऱ्या एका अधिकाऱ्यामुळे. दोघेही या विषयाचे पंडित नव्हते. समोर पडलेली वस्तू नेहमीची नाही, एवढे त्यांनी ओळखले आणि ती खिशात न घालता जाणत्या माणसाला जाऊन सांगितले. एवढे तर सातवीतल्या मुलालाही जमेल. प्रश्न विचारून त्याने सुरुवात केलीच आहे.